माडावर मुकाट

(किरिबाती देशातलं नोनौती बेट. संध्याकाळची नीरा काढायची वेळ. शेजारशेजारच्या दोन माडांच्या शेंड्यांवर मामा बाउरो आणि भाचा तिरोबा.)

बाउरो : गा म्हणतोय ना!

तिरोबा : नाही गाणार.

बाउरो : अरे, निदान खाकर तरी! खाली विहिरीवर बायका आंघोळी करतात. वर माणूस आहे हे त्यांना कळायला नको? माडावर चढलं की गायचं, हे आपल्या आज्या-पणज्यांनी काय हौस म्हणून ठरवलं?

तिरोबा : माहितेय मला.

बाउरो : माहितेय म्हणे! काल एरेती डोक्यावरून पाणी ओतत होती. सहज वर बघते तर तू! मूग गिळून बसलेला. ती जी किंचाळली ती थेट प्रार्थनाघरात ऐकू गेली. पाद्रीबाबा मध्येच ‘आमेन’ म्हणाले.

तिरोबा : मी तिच्याकडे बघत नव्हतो, मामा. नीरेसाठी माडाची पोय कापत होतो.

बाउरो : ते मला पटतं. एरेतीला पटत नाही. सभाघरात तासभर तुझ्यावर खल झाला. शेवटी म्हाताऱ्यांनी ठरवलं, याच्या मामाला शेजारच्या माडावर चढवा आणि पोराचं काय बिनसलंय ते काढून घ्या. म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी हे गुडघे घेऊन मी इथे आलोय. अर्ध्या वाटेत दोनदा देवाचं नाव घेतलं आणि एकदा तुझं, ते मात्र वेगळ्या प्रकारे. आता बोल. तीन दिवस झाले, गात का नाहीस?

तिरोबा : कुठलं गाऊ?

बाउरो : तुझं ते नेहमीचं. दिव्याचं. साऱ्या गावाला पाठ आहे. आमची कोंबडीसुद्धा त्याच चालीवर अंडी घालते.

तिरोबा : ते मी आकेनेतेवर रचलंय.

बाउरो : ते कोंबडीलाही माहितेय.

तिरोबा : म्हणून तर. ते गायलं तर खोटं होईल. आणि दुसरं गायलं तर गावभर बोभाटा, तिरोबाने गाणं बदललं.

बाउरो : अस्सं. थांब, जरा नीट बसू दे. ही झावळी टोचतेय. हां. म्हणजे तुला मोडायचंय.

तिरोबा : हळू बोल ना!

बाउरो : दोन माडांच्या मधे हळू कसं बोलणार? तूच जरा मोठ्याने बोल, वारा उलटा आहे.

तिरोबा : तिला ऑस्ट्रेलियात काम मिळालंय. क्वीन्सलंडला. म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायचं. तीन वर्षांचं.

बाउरो : हे काय मला नवीन सांगतोस? उद्या सकाळचं विमान आहे तिचं. तिच्या आईने, त्या एरेतीनेच, अर्ध्या गावाला जेवायला घातलं. मीच दोन नीरफणस संपवले.

तिरोबा : ती जात नाहीये. बॅग भरलेली नाही अजून. मला म्हणाली, तू जा म्हणालास तर जाईन. काहीच बोलला नाहीस तर समजेन की तुझ्या मनात लग्नाचं आहे, मग राहीन.

बाउरो : मग तू काय बोललास?

तिरोबा : काही नाही.

बाउरो : वा!

तिरोबा : बोलणारच होतो. पण नीरा काढायची वेळ झाली.

बाउरो : नीरा दिवसातून दोनदाच काढतात, तिरोबा.

तिरोबा : मी तिसऱ्यांदा चढलो.

बाउरो : रक्त बोलतं म्हणतात ते असं. बरं, खरं सांग. दुसरी कोणी आहे?

तिरोबा : नाही रे. आणि आकेनेते वाईट नाही. चांगलीच आहे. हसते छान. जाळं माझ्यापेक्षा नीट दुरुस्त करते. पण तिच्याजवळ बसलो ना, की थोड्या वेळाने मला घरी जावंसं वाटतं.

बाउरो : घरी काय आहे एवढं?

तिरोबा : काही नाही. आई आणि डुकरं.

बाउरो : आणि तरी जावंसं वाटतं?

तिरोबा : हो.

बाउरो : मग मोडायलाच हवं. माझी बहीण मला ठाऊक आहे, तिच्याकडे कुणी हौसेने जात नाही. बरं झालं, योग्य माणसाकडे आलास.

तिरोबा : तू आलायस माझ्याकडे.

बाउरो : तेच ते. या बेटावर संबंध मोडण्यात माझ्याइतका मुरलेला माणूस तुला मिळायचा नाही. एकवीस वर्षं जर्मन जहाजांवर काढलीत मी. पहिली होती राजधानीतली, तारावाची. मी खलाशांच्या शाळेत होतो तेव्हाची. तोंडाने सांगायला जीभ रेटेना, म्हणून पत्र लिहिलं, चार पानी. वाचून मलाच रडू आलं. मित्राच्या हाती पाठवलं. पत्र पोचलं.

तिरोबा : मग?

बाउरो : मित्र परत आला नाही. आता सहा मुलं आहेत त्यांना. थोरल्याचं नाव बाउरो ठेवलंय, माझे उपकार म्हणून.

तिरोबा : आणि?

बाउरो : मग हॅम्बुर्गची. बेकरीत कामाला होती. तिला वाटायला लागलं की आमचं लग्न होणार. म्हणजे तसं मीच तिला म्हणालो होतो, पण बाहेर थंडी होती आणि पाव गरम होता. माणूस बोलून जातो. पुढच्या खेपेला एका सोबत्याला सांगितलं, तिला कळव, बाउरो समुद्रात पडून मेला.

तिरोबा : मामा!

बाउरो : एक घाव दोन तुकडे! माझी एकच चूक झाली. चार महिन्यांनी जहाज परत त्याच बंदरात लागलं आणि मी पाव आणायला गेलो.

तिरोबा : त्याच बेकरीत?

बाउरो : पाव चांगला होता रे तिथला. ती मला बघून आधी ढसाढसा रडली. मग लाटणं घेऊन मागे लागली. मेलेल्या माणसाला इतकं पळता येतं हे त्या रस्त्याने प्रथमच पाहिलं असेल.

तिरोबा : म्हणजे एकीलाही तू स्वतः सांगितलं नाहीस.

बाउरो : असं कसं? एकीला सांगितलं. अगदी समोरासमोर, डोळ्याला डोळा भिडवून. तिचं नाव... जाऊ दे नाव.

रूता : (माडाखालून) का जाऊ दे? सांग की नाव.

बाउरो : रूता? तू कधी आलीस?

रूता : पाव गरम होता तेव्हा. बाटल्या न्यायला आलेय. तुमचं संपेपर्यंत नीरेची माडी होणार बहुतेक.

तिरोबा : मामी, तू सगळं ऐकलंस?

रूता : हॅम्बुर्गची मी आधी ऐकलीय. माझ्या वेळी तिच्या हातात लाटणं नव्हतं, पायातला बूट होता.

बाउरो : दोन्ही होतं.

रूता : असेल. आता त्या समोरासमोरवालीचं सांग. मलाही ऐकायचंय. मी तिथेच होते ना.

बाउरो : रूता, पोरगं आधीच घाबरलंय...

रूता : पोरगं घाबरलंय ते तुझ्यावर गेलंय म्हणून. तिरोबा, ती एरेती. तुझ्या आकेनेतेची आई.

तिरोबा : एरेती? काल किंचाळली ती?

रूता : तीच. तुझा मामा आणि एरेती, दोघांचं ठरल्यातच जमा होतं. बावीस वर्षांचा होता हा. पहिलं जहाज मिळालं. दुपारच्या भरतीला तारावाची बोट सुटणार होती. एरेती सकाळीच आली याला भेटायला. बोल, बाउरो, काय सांगितलंस तिला समोरासमोर?

बाउरो : मी माडावर होतो.

तिरोबा : या माडावर?

बाउरो : या नाही. मोठा होता एक, बांधाच्या कडेला, तो पडला. तिला लांबून येताना पाहिलं आणि चढलो. म्हटलं, पाच मिनिटं हाका मारेल आणि जाईल.

रूता : तिने हाकच मारली नाही. माडाखाली बसली. केवड्याची चटई आणली होती याला जहाजावर झोपायला. तिची कड राहिली होती विणायची, ती विणत बसली. मी तिला नारळ फोडून दिला. सगळी सकाळ बसली ती.

बाउरो : चार तास. मुंग्या चावत होत्या. हलता येईना, खोकता येईना. लघवीला लागली होती. सगळ्या गावात गाण्यासाठी मी प्रसिद्ध, आणि तिथे श्वाससुद्धा मोजून घेत होतो.

तिरोबा : तिला कळलं नव्हतं तू वर आहेस ते?

बाउरो : नव्हतं. कसं कळणार?

रूता : कळलं होतं.

बाउरो : कुणी सांगितलं?

रूता : तुझी वहाण बुंध्याशी होती, शहाण्या. ती वहाण बाजूला सरकवूनच ती बसली.

बाउरो : हे तू मला कधी बोलली नाहीस.

रूता : तू कधी विचारलंस? तीस वर्षं झाली लग्नाला. हॅम्बुर्गची गोष्ट वीस वेळा सांगितलीस. ही एकदाही नाही.

बाउरो : मग ती गेली कशाला? कळलं होतं तर बसायचं होतं ना, उतरेपर्यंत. मी उतरलोच असतो कधीतरी.

रूता : मला म्हणाली, मी इथे आहे तोवर हा काही उतरायचा नाही, आणि बोट चुकेल त्याची. म्हणून उठली. चटई बुंध्याशी ठेवली आणि गेली. एवढंच बोलली ती त्या दिवशी.



तिरोबा : मामा, ऐकू येतंय का?

बाउरो : आलं ऐकू.

रूता : चटई नेलीस ना?

बाउरो : नेली. अकरा वर्षं झोपलो तिच्यावर. विटून चिंध्या झाल्या तेव्हा समुद्रात सोडली.

तिरोबा : पण मोडलं ना शेवटी? ती समजली असेल.

रूता : काय समजणार? याने ना हो म्हटलं ना नाही. भिजत घोंगडं. सहा महिन्यांनी याचं कार्ड आलं तिला. बर्फाचं चित्र. मागे लिहिलं होतं, ‘इथे थंडी आहे.’

तिरोबा : बस्स?

बाउरो : खरंच थंडी होती.

रूता : तीन शब्द. त्यावर तिने तीन वर्षं काढली. आम्ही मैत्रिणी रात्ररात्र त्याचा अर्थ लावत बसायचो. कुणी म्हणायची, थंडी आहे म्हणजे तुझी आठवण येते. कुणी म्हणायची, थंडी आहे म्हणजे तू ये. दोन चांगल्या घरच्या मागण्या आल्या, तिने परत पाठवल्या. चौथ्या वर्षी हा सुट्टीवर आला, हॅम्बुर्गची टोपी घालून, आणि तिला रस्त्यात म्हणतो, ‘कशी आहेस?’

तिरोबा : मामा, हे असं नाही वागत कोणी.

बाउरो : नाही वागत.

तिरोबा : मामी, तुला हे सगळं माहीत होतं, मग तू याच्याशी लग्न का केलंस?

रूता : वाटलं होतं, माणूस कधीतरी खाली उतरेल.

बाउरो : पोरा, मी तुला आत्ता हसत सांगितलं ना सगळं, तारावाची, हॅम्बुर्गची? ते मी लोकांना हसवतो म्हणजे कुणी पुढचं विचारत नाही. एरेतीचं हसून सांगता येत नाही मला. वरून मला तिचा भांग दिसत होता. चार तास तोच बघत होतो. सारखं वाटायचं, ही आता उठेल, आता जाईल, मग माझी सुटका. म्हणजे माझा संबंध मला नकोसा झाला होता आणि तो मोडायचं काम मात्र तिने करावं, असं माझं म्हणणं. आणि केलं तिने तेही. लाज वाटते मला. मुंग्यांचंच काय ते प्रायश्चित्त झालं.

तिरोबा : तुला का नको होता तो?

बाउरो : आता नाही सांगता येत. कदाचित मलाही घरी जावंसं वाटत असेल. त्यात गुन्हा नव्हता रे काही. न आवडणं हा गुन्हा नाही. वर बसून राहणं हा आहे.

तिरोबा : मग मी काय बोलू तिला?

बाउरो : काय बोलायचं ते मला कसं माहीत असणार? मी कधी बोललोय? काय नाही करायचं, ते मात्र पाठ आहे. कुणाच्या हाती निरोप नको. मेलो म्हणून कळवू नको. ‘नंतर बघू’ नको. आणि ‘तू फार चांगली आहेस, मीच नालायक’ हे तर मुळीच नको. ती बिचारी स्वतःचं रडणं सोडून तुझी समजूत काढत बसेल.

रूता : आणि थंडीचं काही बोलू नको.

बाउरो : ऐक, एकच वाक्य. आकेनेते, मला तुझ्याशी लग्न करायचं नाही, माझ्यासाठी थांबू नकोस. मग तोंड मिटायचं.

तिरोबा : ती रडेल.

बाउरो : रडेल.

तिरोबा : मग मी काय करू?

बाउरो : बसून राहायचं. तिला जे बोलायचं ते बोलू दे. शिव्या दिल्या तर खायच्या. मारलंस तरी चालेल म्हणायचं, पण पळायचं नाही. ती ‘जा’ म्हणाली की उठायचं, त्याआधी नाही.

तिरोबा : आणि मग ती ऑस्ट्रेलियाला गेलीच नाही तर?

बाउरो : जायचं का राहायचं ते तिचं ती बघेल. तुझ्या नावावर राहू नये, एवढंच तुझ्या हातात.

रूता : लवकर ठरवा काय ते. आकेनेते येतेय.

तिरोबा : कुठून?

रूता : प्रार्थनाघराच्या बाजूने. इकडेच येतेय. वर बघतेय.

तिरोबा : मामी, मी नाही वर, असं सांग. मी मासे धरायला गेलोय.

रूता : मी नाही सांगणार.

तिरोबा : मामा, आज नको. आज मी तयार नाही. ती गेली की उतरतो, मग रात्री घरी जाऊन सांगतो. नक्की. ती गेली की लगेच...

बाउरो : काय म्हणालास?

तिरोबा : ती गेली की...

बाउरो : पुन्हा म्हण.

तिरोबा : नको.

बाउरो : तिरोबा, माझ्याकडे बघ. खाली नको, माझ्याकडे. असा दिसतो माणूस छत्तीस वर्षांनी. पोट सुटलेला, गुडघे गेलेले, आणि विहिरीवर ती बाई दिसली की वाट बदलून जाणारा. हे बेट केवढं, दोन हात रुंद! वाट बदलायला जागा तरी आहे का? तरी बदलतो मी. हवंय तुला हे?

तिरोबा : नकोय. पण उतरू कसा?

बाउरो : सुरी वर खोचून ठेव. डावा पाय आधी, खालच्या खाचेत. बुंध्याला मिठी मार, हां. तिच्याकडे बघू नको, खाचांकडे बघ. तिच्याकडे खाली गेल्यावर बघायचं.

तिरोबा : मामा.

बाउरो : काय?

तिरोबा : एकच वाक्य ना?

बाउरो : एकच. जा.

रूता : आला. आला खाली. गुडघा खरचटला थोडा. जा बाळा, मी इकडे तोंड फिरवते.

बाउरो : काय करतायत गं?

रूता : तुला वरून दिसत नाही?

बाउरो : झावळी आड येते.

रूता : झावळी बाजूला कर की.

बाउरो : धीर होत नाही.

रूता : बसलेत. किनाऱ्यावरच्या नावेच्या कडेला. तो बोलतोय.

बाउरो : एकच वाक्य बोलला का?

रूता : एकच. आता गप्प आहे.

बाउरो : आणि ती?

रूता : तिने तोंडावर हात घेतले. रडतेय. तो उठला...

बाउरो : अरे देवा. पळाला?

रूता : नाही. परत बसला. थोडा जवळ बसला. ती काहीतरी बोलतेय त्याला, जोरजोरात. मान खाली घालून ऐकतोय बिचारा.

बाउरो : शाब्बास. माझ्या घराण्यातला नाही हा.

रूता : तुझ्याच घराण्यातला आहे. ती उठली. घराकडे निघाली. वाटेत डोळे पुसतेय, पण चाल सरळ आहे. बॅग भरायला जात असेल. नाहीतर नसेल. तो तिथेच बसलाय, ती वळणापलीकडे जाईपर्यंत.

बाउरो : चला. मिटलं एकदाचं. मोठं काम झालं आज. म्हाताऱ्यांना सांगतो, उद्यापासून पोरगं गाईल.

रूता : बाउरो.

बाउरो : काय?

रूता : वारा विहिरीकडे आहे.

बाउरो : मग?

रूता : तू पाऊण तास ओरडून बोलतोयस. विहीर इथून तीस पावलांवर. एरेती तिथेच उभी आहे, मी आले तेव्हापासून.

बाउरो : आंघोळ करत असेल.

रूता : पाणी न्यायला आलीय. बादली कधीची भरलीय. उचलत नाहीये.

बाउरो : तिने सगळं ऐकलं?

रूता : भांगाचंही ऐकलं. लाज वाटते म्हणालास, तेही.

बाउरो : आता आजी व्हायची वेळ आली तिची. आता काय बोलायचं मी तिला, रूता? इतक्या वर्षांनी?

रूता : मला काय ठाऊक? पण ती या वेळी उठून जात नाहीये.

बाउरो : तुला चालेल?

रूता : बाटल्या दोरीने खाली सोड. मी धरते. तू मोकळ्या हातांनी उतर.